फुकटच्या बोर्डाचे मोल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी शाळेत जाण्याचा योग आला. तंत्रनिकेतनात तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, त्यामुळे निवृत्तीनंतर अशी बोलावणी येतात. मुलांशी गप्पा झाल्या, चहा झाला आणि मुख्याध्यापिका बाई मला कार्यालयाशेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथले लोखंडी कपाट त्यांनी उघडले. वरच्या खणात सारख्या आकाराच्या खोक्यांची चवड होती. एका संस्थेने शाळेला देणगी दिलेले इलेक्ट्रॉनिक्सचे वीस संच होते ते. संगणकाचा छोटा बोर्ड, दिवे, मोटार, तापमान मोजणारा सेन्सर, रंगीत तारा, असे सगळे आत होते. हे मला खोक्यावरच्या चित्रावरून कळले, कारण एकाही खोक्याची चिकटपट्टी निघालेली नव्हती. देणगी येऊन दोन वर्षे झाली होती.

"बाई, उघडून पाहिले नाहीत कधी?" मी विचारले.

"सर, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आहे ना त्यांची," बाई म्हणाल्या. "मुलांच्या हातून एखादा जळला तर तपासणीच्या वेळी उत्तर कोणी द्यायचे? आणि शिकवणार कोण? आमच्या विज्ञानाच्या सरांनीही असले काही कधी हाताळलेले नाही."

बाईंचा राग यावा असे त्यात काही नव्हते. त्यांची अडचण खरी होती. पण परतीच्या एस.टी.त बसल्यावर ते कपाट डोळ्यांसमोरून हलेना. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असणाऱ्यांना, विद्यार्थ्यांना, घरच्या टेबलावर काही नवे जोडून पाहणाऱ्यांना आज जगभर कितीतरी वस्तू फुकट दिल्या जातात. त्या कोण देते, कशासाठी देते आणि दिलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

बोट भाजले, त्याची गोष्ट

आधी माझीच गोष्ट सांगतो. १९७०च्या दशकाची अखेर. मी विद्यार्थी होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी एक आयसी आणली होती, ७४१ क्रमांकाची. आयसी म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या छोट्याशा वडीत बसवलेले अख्खे सर्किट. दोन्ही बाजूंना चार-चार धातूचे पाय. हिला अधिक आणि उणे असा दोन्ही प्रकारचा वीजपुरवठा द्यायचा असतो. मी तो उलटा जोडला. काय झाले म्हणून आयसीला हात लावला तर बोट भाजले, जळका वास सुटला आणि महिन्याच्या खर्चातून वाचवलेले पैसे गेले. दुसरी आयसी आणायला मला चार महिने लागले. आणल्यावर ती जोडायचे धाडस होईना. पुस्तकातली आकृती दहादा तपासायचो आणि आयसी पुन्हा डबीत ठेवून द्यायचो.

इलेक्ट्रॉनिक्स हा पोहण्यासारखा विषय आहे. काठावर बसून येत नाही. दोन-चार वेळा नाकातोंडात पाणी जावेच लागते. पण चूक महाग पडणार असेल तर माणूस शिकायचे सोडून वस्तू जपायला लागतो. फुकट मिळालेल्या वस्तूचा खरा उपयोग इथे आहे. तिच्यामुळे पैसे वाचतात हे आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ती जळली तरी चालते. ही मुभा ज्याला मिळाली तो चार दिवसांत जे शिकतो, ते मला शिकायला दोन वर्षे लागली.

हे एक माप हातात धरा. फुकटच्या वस्तूबरोबर ती बिघडवण्याची मुभा आली का, आणि बिघडल्यावर विचारायला कोणी आहे का? आता निरनिराळ्या देणाऱ्यांकडे या मापाने पाहू.

आवळा आणि कोहळा

सर्वांत जुनी पद्धत नमुन्यांची. आयसी बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मालाचे दोन-चार नग अभियंत्यांना फुकट पाठवत असत. इंटरनेट आल्यावर हे काम सोपे झाले. २०००नंतरच्या दशकात आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, मॅक्झिम, मायक्रोचिप, ॲनालॉग डिव्हायसेस ही नावे तोंडपाठ झाली ती या नमुन्यांमुळे. संगणकावर अर्ज भरायचा, महाविद्यालयाचा पत्ता द्यायचा आणि कुरिअरची वाट पाहायची. मग एक दिवस लिफाफा यायचा. आत काळ्या फोममध्ये पाय रुतवून बसवलेल्या आयसी. मॅक्झिमची ७२१९ क्रमांकाची एक आयसी होती. मायक्रोकंट्रोलरकडून आलेल्या तीन तारांवर ती चौसष्ट दिवे सांभाळते. बाजारात ती विद्यार्थ्याच्या खिशाला जड जायची. नमुना म्हणून आली की पोरांचा आनंद बघावा!

आता परदेशातली कंपनी स्वतःच्या खर्चाने आपल्या दारी आयसी का पाठवते? आपल्याकडे याला फार जुना वाक्प्रचार आहे, आवळा देऊन कोहळा काढणे. समजा, एका अभियंत्याने वजनकाट्यासाठी पन्नास रुपयांची एक आयसी निवडली. काट्याचा छापील बोर्ड त्या आयसीच्या पायांच्या मांडणीप्रमाणे बनतो. प्रोग्रॅम तिच्याप्रमाणे लिहिला जातो. सगळ्या चाचण्या तिच्यावर होतात. पुढे दुसऱ्या कंपनीची आयसी पाच रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी बदलायला सहसा कोणी धजत नाही, कारण सगळे पहिल्यापासून करावे लागते. वर्षाला असे वीस हजार काटे विकले गेले तर त्या एका आयसीचा दहा लाखांचा धंदा झाला, आणि तो पुढे कित्येक वर्षे चालू राहतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसायात याला 'डिझाइन विन' म्हणतात. म्हणजे कोणाच्या तरी रचनेत आपली जागा पक्की करणे.

विद्यार्थी तर आज काहीच विकत घेत नाही. पण पाच वर्षांनी तोच कुठल्या तरी कारखान्यात अभियंता असतो आणि ज्या चिपवर हात बसलेला असतो तीच निवडतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१०मध्ये 'लाँचपॅड' नावाचा शिकाऊ बोर्ड काढला. त्यावरच्या चिपांच्या मालिकेचे नाव एमएसपी ४३० आणि बोर्डाची किंमत ठेवली चार डॉलर तीस सेंट! नावातला आकडाच किमतीत. अशा किमतीमागे बोर्डावरच्या नफ्याचा हिशेब नसतो. लक्ष पुढच्या कोहळ्यावर असते.

यात गैर काही नाही. दोघांचाही फायदा आहे. गैर होते ते घेणाऱ्याच्या बाजूने.

एकदा मला महाविद्यालयात एका कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. "सर, तुमच्याकडून हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रासाठी अर्ज आला आहे. वर्षाला दहा हजार यंत्रे बनवणार असे लिहिले आहे. हा प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे?" मी चाट पडलो. तृतीय वर्षाच्या एका मुलाने अर्जात वार्षिक गरजेच्या रकान्यात दहा हजार हा आकडा ठोकून दिला होता. मला खोटे बोलवेना. खरे ते सांगितले आणि माफी मागितली. ते गृहस्थ हसले. म्हणाले, "सर, निम्मे अर्ज असेच असतात. मुलाला सांगा, शिकायला हवी आहे असे लिहिले असते तरी पाठवली असती."

मुलाला बोलावले. "अरे, दहा हजार यंत्रे कुठे ठेवणार होतास?" विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, शिकायला हवी आहे असे लिहिले तर कोण देणार?" त्याचे हे वाक्य मला फार लागले. शिकायला हवे आहे, हे कारण पुरेसे असते यावर आमच्या मुलांचा विश्वासच नव्हता. पण अशा खोट्या अर्जांचा परिणाम पुढे सगळ्यांनाच भोगावा लागला. काही मुलांनी नमुने मागवून विकले, काहींनी नुसते साठवले. मग अनेक कंपन्यांनी साध्या ईमेल पत्त्यांवरचे अर्ज घेणे थांबवले, नगांवर मर्यादा आणल्या, पाठवणीचा खर्च आकारायला सुरुवात केली. एकाने केलेल्या लबाडीमुळे पाठीमागून येणाऱ्या दहा प्रामाणिक मुलांची वाट बंद होते.

धर्माची गाय

नमुना निदान मागणाऱ्याला मिळतो. काही वेळा सरसकट वाटप होते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात स्पार्कफन नावाची कंपनी आहे. २००३मध्ये नेथन सायडल या विद्यार्थ्याने ती सुरू केली. हौशी मंडळींना लागणारे सुटे भाग आणि बोर्ड ती विकते. या कंपनीने ७ जानेवारी २०१० हा दिवस 'फुकट दिवस' म्हणून जाहीर केला. प्रत्येक ग्राहकाला शंभर डॉलरपर्यंतचा माल मोफत, आणि एकूण एक लाख डॉलरचा माल संपला की वाटप बंद. काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. हजारो लोक एकाच वेळी कंपनीच्या संकेतस्थळावर तुटून पडले, यंत्रणा वारंवार कोलमडली आणि दोन तासांच्या आत एक लाख डॉलर संपले. कोणाला मिळाले? ज्याचे इंटरनेट वेगवान आणि नशीब बलवत्तर, त्याला. पुढच्या वर्षी कंपनीने त्यात प्रश्नमंजूषा आणली. निदान काही माहीत असणाऱ्याला मिळावे, हा विचार.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. रास्पबेरी पाय हे नाव आता आपल्याकडेही परिचयाचे आहे. पत्त्याच्या कॅटएवढ्या आकाराचा हा संगणक. नोव्हेंबर २०१५मध्ये त्याचा धाकटा भाऊ 'पाय झीरो' आला. किंमत पाच डॉलर. आणि 'मॅगपाय' या मासिकाच्या चाळिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो चक्क चिकटवून दिला होता. पूर्वी मासिकाबरोबर दिनदर्शिका मिळायची, पुढे सीडी मिळू लागली. इथे अख्खा संगणकच मिळाला. अंक हातोहात संपले.

पाच डॉलरचा संगणक म्हटल्यावर जळण्याची भीती जवळपास संपते, हे मोठेच काम झाले. पण ज्यांनी तो अंक मिळवला त्यांच्या लवकरच लक्षात आले की, नुसता बोर्ड चालत नाही. त्याला मेमरी कार्ड हवे, वीजपुरवठा हवा, पडद्याला जोडायला छोट्या आकाराच्या सॉकेटचे कनेक्टर हवे, कळफलकासाठी वेगळी तार हवी. बाहेरच्या तारा जोडण्याच्या पिनाही स्वतः सोल्डरिंग करून बसवायच्या. हा सगळा खर्च बोर्डाच्या किमतीहून जास्त. गाय दानात मिळाली तरी चारा विकतच आणावा लागतो.

आपल्याकडे म्हणतात, 'धर्माची गाय आणि दात का नाय?' फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, असा त्याचा अर्थ. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे. दात जरूर मोजावेत. तिसरे उदाहरण पाहा म्हणजे पटेल.

ऑक्टोबर २०१३मध्ये इंटेल या बड्या कंपनीने 'गॅलिलिओ' नावाचा बोर्ड जाहीर केला आणि त्याबरोबर जगातल्या एक हजार विद्यापीठांना पन्नास हजार बोर्ड देणगी देण्याची घोषणा केली. हेतू उघड होता. छोट्या चिपांच्या जगात इंटेलला पाय रोवायचे होते आणि त्यासाठी विद्यार्थी हाताशी हवे होते. पण २०१७मध्ये कंपनीने गॅलिलिओचे उत्पादनच बंद करायचे ठरवले. ज्या प्राध्यापकाने त्या बोर्डावर प्रयोगांची वही तयार केली असेल, त्याच्या मनाची कल्पना करा. बोर्ड हाताशी आहेत, पण नवीन मिळणार नाहीत. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येणार नाही. अडले तर उत्तर देणाराही हळूहळू नाहीसा होतो. म्हणून दात मोजायचे ते असे. हा बोर्ड पाच वर्षांनी बाजारात मिळेल का? त्याच्या जोडणीची आकृती सर्वांना खुली आहे का? एक जळला तर दुसरा लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळेल का?

दहा लाख मुलांच्या दप्तरात

आता एका फार मोठ्या वाटपाकडे येऊ. त्याची सुरुवात चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. १९८०च्या सुमारास बीबीसीने ठरवले की, ब्रिटनच्या सर्वसामान्य माणसाला संगणक समजला पाहिजे. त्यासाठी एकॉर्न या कंपनीकडून 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक तयार करून घेतला. १९८२च्या जानेवारीत त्याच्या जोडीने दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली. पुस्तकेही निघाली. हा संगणक फुकट नव्हता, पण शाळांना खरेदीसाठी सरकारी मदत मिळाली. हा संगणक आपल्याकडेही आला होता बरे का! भारत सरकारने १९८४-८५मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रोच बसवले होते. याच एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम हा प्रोसेसर घडवला. तुमच्या-आमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आज त्याचीच वंशावळ चालते.

मार्च २०१५मध्ये बीबीसीने दुसरा प्रयोग जाहीर केला. ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाला एक छोटा संगणक मोफत. दहा लाखांपर्यंत बोर्ड. नाव मायक्रोबिट. आकार चार सेंटिमीटर गुणिले पाच सेंटिमीटर. त्यावर पंचवीस लाल दिवे, दोन बटणे, हालचाल ओळखणारा सेन्सर, दिशा सांगणारे होकायंत्र आणि बिनतारी संपर्काची सोय. दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कडेला मोठी भोके ठेवली होती. त्यांत मगरीच्या तोंडासारखे चिमटे अडकवून बाहेरचे काहीही जोडता येते. सोल्डरिंग लागत नाही. आणि प्रोसेसर एआरएमचा! म्हणजे बीबीसी मायक्रोच्या घरात जन्मलेली विद्या फिरून शाळेत आली. एआरएम, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग, लँकेस्टर विद्यापीठ असे अनेक भागीदार त्यात होते.

काम सुरळीत झाले असे नाही. बोर्ड २०१५च्या शरद ऋतूत मिळायचे होते. वीजपुरवठ्याच्या भागात अडचण निघाली आणि वाटप मार्च २०१६वर गेले. तिकडचे शैक्षणिक वर्ष उन्हाळ्यात संपते. ज्या शिक्षकांनी वर्षभराचे पाठ आखून ठेवले होते त्यांची पंचाईत झाली.

तरीही या योजनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा बोर्ड शाळेच्या मालकीचा नव्हता. तो त्या मुलाचा होता. दप्तरात टाकून घरी न्यायचा, बहिणीला दाखवायचा, कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याची पावले मोजायची. बिघडला तरी रजिस्टरला लाल शेरा पडणार नव्हता. माझे पहिले माप इथे पुरेपूर भरते.

दुसऱ्या मापात मात्र उणीव राहिली. वाटप एकाच वर्षाच्या मुलांना झाले. पुढच्या वर्षी त्या इयत्तेत आलेल्यांना बोर्ड मिळाला नाही. शिक्षकाने एकदा मेहनत घेऊन शिकवायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्गाच्या हातात काही नाही, असे झाले. हे ध्यानात आल्यावर ऑक्टोबर २०१६मध्ये मायक्रोबिटसाठी ना-नफा तत्त्वावरचे स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. बोर्ड सर्वांना विकत मिळू लागला. आइसलँड, डेन्मार्क, क्रोएशिया, सिंगापूर अशा देशांनी आपापल्या मुलांसाठी तो घेतला. २०२३मध्ये ब्रिटनच्या प्राथमिक शाळांसाठी सात लाखांपर्यंत बोर्ड देण्याची योजना आली, तेव्हा पद्धत बदलली होती. या वेळी पूर्ण वर्गाला पुरेल असा संच शाळेला दिला आणि त्याबरोबर शिक्षकांसाठी तयार पाठ आणि प्रशिक्षण. संच शाळेत राहतो, दरवर्षीचा नवा वर्ग तो वापरतो.

मुलाला द्यावा की शाळेला? मुलाला दिला तर मुभा मिळते, पण पुढचा वर्ग कोरडा राहतो. शाळेला दिला तर सातत्य राहते, पण कपाटाला कुलूप लागण्याची भीती असते. दोन्हींत तोडगा एकच, शिक्षक तयार करणे. गुगलने जानेवारी २०१३मध्ये ब्रिटनमधल्या मुलांसाठी पंधरा हजार रास्पबेरी पाय दिले, तेव्हाही ते परस्पर शाळांच्या पत्त्यावर धाडले नाहीत. मुलांमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या सहा संस्थांमार्फत ते पोहोचवले.

पवईचा धडा

आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. मुंबईच्या आयआयटीत, पवईला, 'ई-यंत्र' नावाचा प्रकल्प प्राध्यापक कवी आर्य यांच्या पुढाकाराने चालतो. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचे त्याला अर्थसाहाय्य आहे. २०१२पासून ते देशभरातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रोबोंची स्पर्धा घेतात. विद्यार्थ्यांनी चमू करून नाव नोंदवायचे. पहिल्या टप्प्यात अभ्यास आणि कामे. त्यातून जे निवडले जातात त्यांना रोबोचा संच मोफत पाठवला जातो. मग त्यांनी तो महिनोन्‌महिने चालवायचा, पडायचे, धडपडायचे, दिलेल्या मुदतीत काम पुरे करून त्याची चित्रफीत पाठवायची. अडले तर मार्गदर्शन मिळते. अंतिम फेरी पवईला.

इथे फुकट मिळते, पण आधी थोडी धाव घ्यावी लागते. त्यामुळे संच कपाटात जात नाही. ज्याने मिळवला त्याला तो चालवण्याची घाई झालेली असते.

याच प्रकल्पाचा दुसरा भाग मला अधिक बोलका वाटतो. महाविद्यालयात रोबोंची प्रयोगशाळा उभी करायची तर जागा आणि यंत्रसामग्री महाविद्यालयाने आपल्या पैशाने करायची. फुकट मिळते ते शिक्षकांचे प्रशिक्षण! म्हणजे सगळे उलटे. वस्तू विकत आणि विद्या मोफत. आणि जरा विचार केला तर हेच बरोबर आहे. बोर्ड आज काहीशे रुपयांत मिळतो. तो कसा वापरायचा हे सांगणारा माणूस सहजी मिळत नाही.

केंद्राच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६पासून शाळांत सुरू झाल्या. दहा हजार शाळांत त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या वीस लाखांच्या अनुदानात दहा लाख उभारणीसाठी आणि दहा लाख पुढच्या काही वर्षांच्या चालवण्यासाठी धरलेले होते. निम्मी रक्कम वस्तू आल्यानंतरच्या खर्चाची, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी उभ्या केलेल्या विज्ञान आश्रमात २००२मध्ये फॅब लॅब झाली. तिथेही गावातला मुलगा यंत्र हाताळू शकतो, कारण शेजारी उभा राहून दाखवणारा कोणी असतो.

हौशी प्रौढांसाठीही एक पद्धत सांगायला हवी. एलिमेंट१४ ही सुटे भाग विकणारी मंडळी 'रोडटेस्ट' चालवतात. नवा बोर्ड किंवा मोजणीचे उपकरण फुकट देतात. मात्र अर्जात तुम्ही त्याचे काय करणार ते सविस्तर लिहायचे आणि निवड झाली तर ठरलेल्या मुदतीत वापराचा अहवाल द्यायचा. उपकरण कुठे चुकते, माहितीपुस्तिकेत काय अपुरे आहे, हेही लिहायचे. इथे मोबदला पैशात नाही, लिहिण्यात द्यायचा. माझ्या मते फुकट घेण्याची ही सर्वांत स्वच्छ रीत. घेणाऱ्याची मान ताठ राहते.

घेताना आणि देताना

तर मंडळी, कोणी मुलांसाठी असे काही देऊ करत असेल तर आनंदाने घ्या. पण चार गोष्टी विचारा. याबरोबर लागणाऱ्या बाकीच्या वस्तू कोण देणार? परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च कोणाकडे? जळले तर बदली नग कुठे मिळेल? आणि शिकवायला, निदान फोनवर सांगायला, माणूस कोण? अर्जात खरे लिहा. मिळालेल्या वस्तूचे काय केले ते देणाऱ्याला कळवा. फसलेला प्रयोगही कळवा, त्याला त्याचाही उपयोग असतो.

देणाऱ्यांनाही एक विनंती आहे. वीस संच देणार असाल तर पंधराच द्या आणि उरलेल्या पाचांच्या पैशांत शिक्षकांना दोन दिवस प्रशिक्षण द्या. आणि देणगीच्या पत्रात एक ओळ जरूर लिहा, की हे साहित्य वापरून संपण्यासाठी आहे.

या एका ओळीचे महत्त्व मला त्या मुख्याध्यापिका बाईंमुळे कळले. घरी आल्यावर मी त्यांना फोन केला. म्हटले, "बाई, प्रयोगशाळेतली परीक्षानळी फुटते, ॲसिड संपते. त्याची नोंद तुम्ही डेडस्टॉकला कुठे करता? ती वही वेगळी असते." बाईंनी देणगीदार संस्थेकडून तसे पत्र मागवले. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवले. ठराव झाला आणि चिकटपट्ट्या निघाल्या. विज्ञानाच्या सरांना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दोन रविवार दिले.

तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला. आवाज जरा दबका होता. "सर, दोन बोर्ड जळले हो. एका मुलाने तीन व्होल्टच्या जागी नऊ व्होल्टची बॅटरी लावली."

"मग तो मुलगा काय करतो आता?" मी विचारले.

"त्याला काय होतंय! आता वर्गात कोणी बॅटरी हातात घेतली की आधी हाच धावत जातो आणि तिच्यावरचा आकडा वाचून दाखवतो."

मी बाईंना म्हटले, उरलेले अठरा चांगल्या हातांत आहेत.